कॅलेंडरवरचे आठ लंगोट

विश्वास कुणावर ठेवाल तुम्ही? मापावर, की माप धरणाऱ्या हातावर? घाई करू नका. बसा, ऐका, मग ठरवा.

मी अर्ध्या लिटरचं दुधाचं माप बोलतोय. ॲल्युमिनियमचं अंग, लांब दांडी, दांडीच्या टोकाला आकडा. पोटावर सरकारी शिक्का आहे. घासून घासून पुसट झालाय, पण आहे. पुण्याच्या बोहरी आळीत एका दुकानाच्या छताला माझ्यासारखेच दहा-बारा जण टांगलेले होते. बेडशाचे कोंडाजी आले, त्यांनी सगळ्यांना खालून टिचक्या मारल्या आणि मला उचललं. का, ते आजवर कळलं नाही.

शाळेत मला कुणी घातलं नाही. धंदा मी दारोदार फिरून शिकलो. पहाटे बेडशातून निघायचं, लोणावळा, खंडाळ्याचे बंगले, मग एकदोन हॉटेलं. पहिला धडा फेसाचा. दूध उंचावरून ओतलं की माझ्यात फेस चढतो, भरल्यासारखा दिसतो. खंडाळ्याच्या एक बाई दारात उभ्या राहून विचारायच्या, "कोंडाजी, यात फेस किती आणि दूध किती?" कोंडाजी हसून म्हणायचे, "बाई, फेस फुकट हाये, दुधाचंच पैसं लावतो." बाई हसायच्या. मला मात्र त्या फेसाची किळस यायची. तोंडाला साबण लागल्यासारखं वाटायचं.

दुसरा धडा कॅलेंडरचा. बंगले सोमवार ते गुरुवार बंद. मालक मुंबईत. तरी कोंडाजींच्या घरच्या कॅलेंडरवर त्या चौकोनांत रोजचा अर्धा लिटर लिहिलेला. कुणी हटकलं तर कोंडाजींचं उत्तर ठरलेलं, "गाय काय सोमवारी दूध द्यायची थांबती व्हय?" लोक या उत्तरावर खूश होत. माणूस लाघवी होता, उधार-उसनवारीला उभा राहणारा, कुणाच्या घरी मयत झाली तर चार दिवस दूध फुकट देणारा. पण लिहिताना पेन जरा वरच्या अंगाने चालायचं. हाताला सवय लागली की हात विचारत नाही, समोर काय आहे ते.

आता मुद्द्याची गोष्ट. कोंडाजींची लेक अपेक्षा लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर कामाला होती. नवरा सुहास तळेगावच्या कंपनीत, पाळीने जाणारा. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी बेडशाला आली. दवाखान्यात मुलगी झाली, दोन किलो आठशे. तिसऱ्या दिवशी घरी आणली.

त्याच आठवड्यात गोठ्यातली तांबू गाय व्याली. तिचा चीक माझ्यातच मोजला. पिवळाधमक, दाट. लोणावळ्याच्या एका बंगल्यात खरवसासाठी तिप्पट भावाने गेला, एक डबा सरपंचांकडे गेला, आणि जाताना प्रत्येक वेळी कोंडाजी म्हणाले, "ताकद हाये यात, वासरानं बी ह्येच पिलं." आणि माजघरात नंदाबाई, म्हणजे अपेक्षाची आई, लेकीला सांगत होती, "ते पिवळं पिळून टाक. जड असतंय. पोरीला पचायचं न्हाई." फडक्यात पिळलेला तो चीक मी खिळ्यावरून पाहिला. फडकं राखेत गेलं. गायीचा चीक तिप्पट भावाने आणि लेकीचा राखेत. शी! मी जन्मभर दुधाचा धंदा केला, पण इतकी घाणेरडी नासाडी पाहिली नव्हती.

मग पाहुणे. एकेक बाई यायची, बाहेरची चप्पल तशीच घालून उंबऱ्यापर्यंत, तंबाखूच्या तोंडाने पोरीचा मुका घ्यायची. "नाक कुणावर गेलंय गं?" "दूध येतंय का?" "माझ्या सुनेला तर दुपटी भिजायची एवढं यायचं." चहा, पुन्हा चहा. नंदाबाई चुलीपुढून हलेना, अपेक्षा पदर सावरून भिंतीकडे तोंड करून बसलेली. पोर नुसतं टोक धरून ओढायची. अपेक्षाच्या छातीला चिरा पडल्या, रक्त आलं. पोर जवळ घेतली की ती आधी डोळे मिटून दात आवळायची. केसांची वेणी अर्धी घातलेली, दोन दिवस तशीच. एकदा भाकरीचा घास तोंडात धरूनच झोपली. नंदाबाईने हलवून जागं केलं, "अगं, पोर रडती." घास गिळायच्या आधी पोर मांडीवर.

पाचव्या दिवशी सकाळी नंदाबाईने मला खिळ्यावरून काढलं, गरम पाण्याने धुतलं आणि लेकीपुढे धरलं.

"काढ यात. बघू तरी किती हाये."

"आई, हे गायीचं माप आहे."

"मग? माप ते माप. शेजारची म्हणली, तुझं दूध कमी हाये. आता मोजूनच टाकू."

अपेक्षाने काढायचा प्रयत्न केला. दुखत होतं, आई वरून बघत होती, बाहेर पाहुणी बोलत होती. बऱ्याच वेळाने माझं बूड नुसतं ओलं झालं.

"बूड बी झाकलं न्हाई," नंदाबाई म्हणाली. ती वाईट नव्हती हो. घाबरली होती. पण म्हणाली ते असं, "शेळीला यापेक्षा जास्त येतं."

अपेक्षाने मला खाली ठेवलं आणि हात पुसला. मला माझीच शिसारी आली. माप मी खरं दिलं होतं आणि तरी खोटं बोललो होतो. याच घरात रोज पहाटे काय चालतं? तांबूपुढे आधी वासरू सोडतात. वासरू ढुश्या देतं, गाय त्याला चाटते, मग पान्हा फुटतो, मगच कोंडाजी चरवी लावतात. अनोळखी माणूस गोठ्यात आला तर गाय दूध चोरते, सोडतच नाही, हे कोंडाजींना ठाऊक, नंदाबाईला ठाऊक, मला ठाऊक. आणि लेकीपुढे? वासरू दूर ठेवलं, रिकामं माप पुढे केलं, वर शेळीचा टोमणा.

त्या दिवसापासून गायीच्या दुधात निम्मं पाणी घालून कापसाच्या बोळ्याने पोरीच्या तोंडात पिळायला सुरुवात झाली. दूध मोजायला पुन्हा मीच.

सातव्या दिवशी आरोग्य केंद्राची आशाताई आली. यशोधरा तिचं नाव, याच गावची. पिशवीतला झोळीचा काटा काढून तिने पोर तोलली. दोन किलो सहाशे. "थोडं उतरतंच सुरुवातीला," ती म्हणाली, "पण हे पाणी घातलेलं दूध बंद. आणि हे काय, माप? दूध मापात नाही मोजायचं. लंगोट मोजायचे." पडवीत कोंडाजी बसले होते. लेखणी त्यांची, म्हणून तिने त्यांनाच सांगितलं, "आबा, दिवसरात्र मिळून सहा तरी ओले लंगोट व्हायला हवेत. रोजचा आकडा कॅलेंडरवर लिहा. सहाच्या खाली गेला की लगेच मला फोन." तिला अपेक्षाचं पाजणंही पाहायचं होतं. पण आत तीन बायका चहा घेत बसलेल्या. अपेक्षा लाजली, "नंतर बघू, ताई," म्हणाली. यशोधरा परवा येते म्हणून गेली.

बोळा बंद झाला. पोर नुसती आईवर आली, आणि आईच्या चिरा तशाच, धरणं तसंच चुकीचं. पोर जास्त झोपायला लागली. नंदाबाई कौतुकाने सांगत सुटली, "लय गुणाची. रडत बी न्हाई. लंगोट सुदिक लय खराब करत न्हाई." उपाशी जीव गप्प होतो, त्याला गुण म्हणायचं?

आणि कॅलेंडरवर? त्या दिवशी आठ. दुसऱ्या दिवशी आठ. कोंडाजींच्या ठसठशीत अक्षरात, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी.

अपेक्षा तो आकडा वाचायची आणि तिला धीर यायचा. झोपेने तिचं डोकं चालत नव्हतं. आबांनी लिहिलंय म्हणजे आठ झाले असतील. तिसऱ्या दिवशी दुपारी पोर तीन तास उठली नाही. अपेक्षाने तिचा पाय चोळला, तरी डोळे उघडेनात. अपेक्षा तिला खांद्यावर घेऊन तशीच गोठ्यामागे गेली, जिथे दोरी होती. काल सकाळपासूनचे सगळे लंगोट तिथेच वाळत होते. तीन.

ती परत आली. मी आणि कॅलेंडर एकाच भिंतीला, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

"आबा, आठ कुठायत?"

"काय गं?"

"लंगोट. तुम्ही आठ लिहिलेत. दोरीवर तीन आहेत."

"असतील की... दुसऱ्या दोरीवर."

"दुसरी दोरी नाही आपल्याकडे."

कोंडाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तुझी आय सारखी बोल लावती तुला. दूध न्हाई, दूध न्हाई. म्हणलं, आठ लिहिलं की ती बी गप बसंल, तुला बी बरं वाटंल. मोजलं न्हाईत गं मी."

"आबा, ही बंगल्याची मालकीण नाही. नात आहे तुमची."

ओरडली नाही ती. ओरडण्याइतकं बळ नव्हतं. कोंडाजी मात्र कानफटात बसल्यासारखे झाले. मी त्यांचा फेस पाहिला होता, सोमवारचा अर्धा लिटर पाहिला होता. त्याचा कंटाळा यायचा, किळस यायची. पण मायेपोटी लिहिलेल्या त्या आठांइतकं ओंगळ मी काही पाहिलेलं नाही. बंगलेवाल्याचे पैसे जातात. इथे पोर चालली होती.

फोन कोंडाजींनीच लावला. यशोधरा स्कूटीवरून आली, पोर तोलली. दोन किलो चारशे पन्नास. "दवाखाना. आत्ता," ती म्हणाली. मग दारात बसलेल्या दोन पाहुण्यांकडे वळून, "मावशी, तुम्ही बाहेर." तसल्या आवाजात या घरात कुणी बोललं नव्हतं. जीप येईपर्यंत तिने अपेक्षाला वाटीत दूध काढायला लावलं. पोर तिच्या उघड्या छातीला लावून ठेवली, पाठीमागे उशी दिली, खांद्यावर हात ठेवला. घाई केली नाही. आणि मी डोळ्यांनी पाहिलं, वाटीत धार पडली. नंदाबाईने ते पाहिलं आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. चमच्याने थेंब थेंब पोरीच्या ओठांत गेलं, मग जीप आली.

तीन दिवस घर रिकामं होतं. गायीचं दूध कुणीतरी शेजारचं काढत होतं. मी खिळ्याला. काय झालं असेल, कोण सांगणार मला?

चौथ्या दिवशी सगळी परत आली, पोरीसकट. दवाखान्यात सिस्टरनी धरायला शिकवलं होतं. पोरीचं तोंड मोठं उघडू द्यायचं, नुसतं टोक नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. चिरा भरत आल्या होत्या. अपेक्षा अजूनही थकलेलीच होती, ते काही चार दिवसांत जात नाही. पण पाजून झालं की पोर नंदाबाई घ्यायची आणि अपेक्षा आत जाऊन झोपायची, दार लावून. पाहुणी आली की नंदाबाई ओट्यावरूनच सांगायची, "बाळंतीण झोपलीया."

"मग उद्या येते."

"उद्या बी झोपलेलीच असंल."

लंगोट आता कोंडाजी स्वतः मोजायचे, दोरीशी उभे राहून, बोट लावून. पहिल्या दिवशी सात. दुसऱ्या दिवशी पाच भरले. कॅलेंडरपुढे ते पेन घेऊन बराच वेळ उभे होते. अपेक्षा आत झोपलेली. नंदाबाई चुलीपाशी. कुणी बघत नव्हतं, मी सोडून. सहा लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पेन टेकलं, उचललं. मग त्यांनी पाच लिहिलं आणि तिथूनच यशोधराला फोन केला. तिने संध्याकाळी येऊन पाजणं पाहिलं, दर दोन तासांनी उठवून पाजायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी आठ झाले. खरे आठ.

पोर आता दीड महिन्याची आहे, पावणेचार किलो. रडते, आणि सगळ्यांना आवडतं. बंगल्याच्या चौकोनांचं मला विचारू नका. ते सोमवार अजून तसेच भरतात. एका माणसाकडून सगळंच कुठे मागायचं?

माझ्या जागी आता दुधाला नवीन स्टीलचं माप आलंय. अपेक्षाने मला दोरीपाशी टांगलंय, माझ्यात लाकडी चिमटे असतात. तक्रार नाही. दुधाचा वास गेला, ते बरंच झालं.

जाता जाता एक मागणं. तुमच्या घरात बाळंतीण असेल तर हिशेब ठेवा. लंगोट किती भिजले, ते लिहा. ती किती तास झोपली, जेवण गरम मिळालं की गार, तेही लिहा. तिला बरं वाटावं म्हणून वाढवू नका, सासूला किंवा आईला गप्प करायचं म्हणून वाढवू नका, स्वतःची लाज वाटते म्हणून तर नाहीच नाही. दोरीशी जा, बोट लावून मोजा. आणि तीन असतील, तर तीनच लिहा.