कूलर बंद झाला की

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गार्गी मॅडमनी बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मिनलच्या निबंधातलं एक वाक्य मोठ्याने वाचलं: ‘कूलर बंद झाला की लपलेली माणसं बोलणं थांबवत.’

निबंध एका अनुवादित कादंबरीवर होता. युरोपातल्या एका शहरात दोन ज्यू कुटुंबं बेकरीच्या माळ्यावर दोन हिवाळे लपून राहतात, अशी तिची गोष्ट.

मागच्या बाकावरून पियुष म्हणाला, “मॅडम, बर्फात कूलर लावून राहिले होते काय ते लोक?”

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. मिनल हसली नाही. पियुष तिच्याच गावचा, मौद्याचा. तास संपायच्या आत ते वाक्य त्याने गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं.

दीड वाजता मॅडमनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. निबंधात आणखी दोन वाक्यांखाली लाल रेघ होती. ‘दाराबाहेर चपला एकाच माणसाच्या.’ ‘दोरीवर कपडे एकीचेच.’

“यातलं काहीच कादंबरीत नाही. तिथे माळ्यावर सगळे मोजे घालून चालतात. चपला कुठून आल्या?”

“चुकलं, मॅडम.”

“चुकलं असतं तर मार्क कापले असते. कोण आहे तुझ्या खोलीत?”

मिनलने आधी दाराकडे पाहिलं. मग सांगितलं.

वंदना, तिची चुलतबहीण. विक्की दुसऱ्या जातीचा. दोघांनी नोंदणी विवाहाची नोटीस दिली, ती कचेरीत लागली आणि घरी कळलं. तीस दिवस गुरुवारी पुरे होतात. तोवर वंदना वडिलांच्या हाती लागली, तर गुरुवार येणार नाही. सतरा दिवसांपासून ती नंदनवन भागात मिनलच्या भाड्याच्या खोलीत आहे. मिनल बाहेरून कुलूप लावून कॉलेजला येते. खाली राहणाऱ्या घरमालकीण सिंधूताईंना काही माहीत नाही. कूलर गिरणीसारखा वाजतो, म्हणून तो सुरू असतानाच दोघी बोलतात.

“मग लिहिलंस कशाला हे?”

“दुसरं काही सुचलंच नाही. निबंध लिहिताना मला वाटलं, हे पुस्तकातलंच आहे.”

शेवटच्या परिच्छेदाशेजारी मॅडमनी आधीच बरोबरची खूण केली होती. मिनलने तिथे लिहिलं होतं: ‘लपवणाऱ्या बेकरीवालीबद्दल लेखकाने फार थोडं लिहिलं आहे. ती रोज कोणाशी काय खोटं बोलते आणि रात्री ते लक्षात कसं ठेवते, हे कळायला हवं होतं.’

“मी ते वर्गात वाचायला नको होतं,” मॅडम म्हणाल्या.

एक वाजून चाळीस मिनिटांनी मिनलचा फोन वाजला. वंदनाचे वडील शालिकराम, मिनलचे मोठेबाबा.

“मिनल, तुह्या खोलीतला कूलर सुरू आहे का वं?”

“नाही, मोठेबाबा. मी कॉलेजात आहे. बंद करून आली.”

“पक्कं?”

“हो.”

“बरं.”

मॅडमनी स्कूटरची किल्ली उचलली. “चल. गुरुवारपर्यंत ती धंतोलीला माझ्या घरी राहील.”

दोन वाजता त्या सिग्नलला थांबल्या असताना सिंधूताईंचा फोन आला.

“अवं मिनल, तुहे मोठेबाबा एक वाजतापासून इथं बसून आहेत. चहा देला, तर नाही म्हणतात. साडेबारापासून गल्लीत लाइट नाही, जीव उकडून राहिला. म्हटलं, मिनल तं सायंकाळी येते, काहून बसता? तं म्हणे, मले मिनलचं काम नाही. लाइट आली की जातो.”

वंदनाजवळ फोन नाही. वीज गेल्यावर तिने कूलरचं बटण बंद केलं की नाही, हे मिनलला माहीत नाही; नसेल, तर वीज येताच कुलूपबंद खोलीत तो वाजू लागेल.

दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत वीज आली नव्हती.