मी एंगेज होतो

माळ्यावर, शिलाई मशीनच्या फुटक्या झाकणाखाली पडलेला मी एक जुना काळा फोन आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी माझ्यासारखा फोन पाहिलाही नसेल. बोट घालून तबकडी फिरवायची, ती कुरकुरत परत यायची, मग पुढचा आकडा. तुम्हांला गंमत वाटेल. माझी गोष्ट मात्र गमतीची नाही.

कारखान्यात माझ्या पोटात तारा भरल्या, घंटी बसवली आणि एका तपासनिसाने मला कानाला लावून "ठणठणीत आहे" असा शेरा दिला. तिथून मी शिवणबाईंच्या घरी आलो. बाई शाळेत मुलींना शिवण शिकवत आणि घरी कपडे शिवत. वर्षानुवर्षे मी छातीची आणि कमरेची मापे ऐकली, बाही आखूड झाल्याची भांडणे ऐकली. रविवारी सकाळी तेवढा निवांत असे, कारण सगळे घर चर्चला जाई.

मग साथ आली. चर्चला कुलूप लागले. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात भरती झाले. चर्चच्या कमिटीतले जाणते लोक "बघू, ठरवू" करत बसले. बाई कमिटीत सगळ्यांत नव्या. पण त्यांनी कपडे बेतायचा खाकी कागद जमिनीवर पसरला आणि खडूने चर्चचे बाक काढले. चर्चच्या त्या मंडळीत प्रत्येकाची जागा ठरलेली होती. चुकून कुणी दुसऱ्याच्या जागेवर बसलेच, तर उपासना संपेपर्यंत त्याच्या मानेला नजरा टोचत. त्यामुळे बाईंना नावे आठवत बसावे लागले नाही. डोळे मिटले की माणसे आपापल्या बाकावर दिसत. चौदा बाक, चौदा प्रमुख. प्रमुखाने आपल्या बाकावरच्यांना रोज फोन करायचा आणि कुणाला ताप आहे, कुणाचे औषध संपले, ते बाईंना कळवायचे.

"एकही माणूस एकटं पडता कामा नये," बाई प्रत्येकाला बजावत.

सकाळी सातपासून मला उसंत नसे. कुणाचे औषध पोचले, कुणाला डबा मिळाला. एक आजोबा रोज फक्त "मी आहे बरं का" एवढेच सांगायला फोन करत. बाईंच्या सासूबाई दारातून कुरकुरत, "त्या फोनला जरा श्वास घेऊ दे गं. संसार त्याच्याशीच थाटलास का?"

"आई, सातव्या बाकाचा निरोप राहिलाय."

"सातव्या बाकावरची ती बया? साथीतून वाचशील, तिच्या तोंडातून नाही वाचायचीस."

बाई हसत आणि पुढचा नंबर फिरवत. सगळे म्हणत, बाईंच्या फोनने मंडळी जोडून ठेवली. खोटे कशाला बोलू, मी फुगलो होतो.

या धावपळीच्या बाराव्या दिवशी किराणा दुकानदार फाटकाशी आला आणि लांबूनच म्हणाला, "बाई, तुमचे घंटावाले काका गेले."

काका चर्चची घंटा वाजवत. घंटा झाली की दाराशी उभे राहून उशिरा येणाऱ्यांसाठी दार धरत. इतक्या वर्षांत ते बाकावर कधी बसलेच नाहीत. बाईंच्या कागदावर बाक होते. दार नव्हते.

"तीन दिवस सकाळी दुकानात येऊन तुम्हाला फोन लावायचे," दुकानदार सांगू लागला. "सारखा एंगेज. मी म्हटलं, काका, पुन्हा लावा. तर म्हणाले, राहू दे रे, बाई एकेकाला विचारतायत, माझी पाळी येईलच. तुमच्या फोनची वाट बघत तासभर थांबून जायचे. काल फिरकले नाहीत. आज खोलीचं दार ढकललं तर..."

"तुमच्या दुकानाचा नंबर आहे माझ्याकडे," बाई पुटपुटल्या.

"हो ना. काकाही तेच म्हणायचे."

मित्रांनो, माझ्यावर एक बोलणे चालू असले की दुसऱ्याला नुसते टूं टूं ऐकू येते. तो येऊन गेला हे मला कळतसुद्धा नाही. काका दार ठोठावत होते आणि त्या वेळी माझ्यावर सातव्या बाकावरच्या गुडघेदुखीची कहाणी चालली असेल.

मंडळीत कुणी गेले की काका घंटा वाजवत. त्यांच्या वेळी घंटा वाजली नाही. दोराला दुसऱ्या कुणाचा हातच माहीत नव्हता.

पुढे चर्च उघडले. सभेत सेक्रेटरींनी अहवाल वाचला: साथीच्या काळात मंडळीतला एकही जण सुटला नाही. टाळ्या पडल्या. बाई उभ्या राहिल्या. "एक सुटला," त्या म्हणाल्या.

"बाई, ते कुठल्याच बाकाच्या यादीत नव्हते," सेक्रेटरी समजुतीने म्हणाले. "अहवाल यादीचा आहे."

टाळ्या पुन्हा पडल्या.

हे सगळे बाईंनी घरी येऊन सासूबाईंना सांगितले, म्हणून मला कळले. मग त्यांनी कापडाची कात्री घेतली आणि माझी वायर कापली. कापडाच्या कात्रीने दुसरे काही कापू नये, हे त्यांनीच शेकडो मुलींना शिकवले होते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसायला येऊ नका. त्यापेक्षा आठवून बघा, तुमच्या ओळखीत असा कोण आहे, जो सगळ्यांसाठी दार धरतो आणि स्वतः कुठेच बसत नाही. त्याला आजच विचारा. तो आपणहून सांगणार नाही. सगळ्यांचे झाल्यावर आपली पाळी येईल, असे समजून तो थांबलेला असतो.