मी, गेसिना आणि तो चिमुकला कप

मी एक जुना थर्मास आहे. मित्रांनो, माझं अंग पत्र्याचं असलं तरी पोट काचेचं आहे, त्यामुळे मी फार हळवा आहे. शिवाय मत्सरी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला; त्याची मला फारशी आठवण नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते हारमेन आणि गेसिनाच्या लग्नाला साडेबारा वर्षं झाली त्या दिवशी. साडेबारा म्हणजे पंचवीसचे निम्मे, म्हणून आमच्या हॉलंडात हा दिवस थाटात साजरा करतात. पाहुण्यांनी फुलं आणली, केक खाल्ला, आणि हारमेनच्या बहिणीने मला भेट दिलं. "आता वाटेत कॉफी विकत घ्यायला नको," असं ती म्हणाली, आणि त्या घरात तो कायदाच होऊन बसला.

त्यानंतर एकतीस उन्हाळे मी त्यांच्याबरोबर परदेशी गेलो. गाडीमागे चाकांवरचं घर, त्यात घरचे बटाटे आणि घरचं चीज, आणि पुढे गेसिनाच्या पायांशी मी. देश कुठलाही असो, सकाळी साडेदहाला हारमेन गाडी रस्त्याकडेला घ्यायचा. घडीच्या खुर्च्या उघडल्या जायच्या. गेसिना माझं बूच काढून दोन पेले भरायची, दोघांना एकेक बिस्किट द्यायची आणि डबा लगेच बंद करायची. ती वेळ माझी, अशी माझी ठाम समजूत होती. ती नकाशा मांडीवर पसरायची तेव्हा मला नकाशाचा हेवा वाटायचा. हारमेनच्या भाजलेल्या टकलावर ती मलम चोळायची तेव्हा तर मी दिवसभर धुमसायचो. कॉफी मात्र गरमच ठेवायचो, ते माझं कामच होतं.

सहाव्या उन्हाळ्यात इटलीत एका तळ्याकाठी आमचा मुक्काम होता. पोस्टाची तिकिटं आणते असं सांगून गेसिना गावात गेली. साडेदहा वाजले, अकरा वाजले. हारमेनने स्वतःच माझं बूच काढलं, पेला भरला आणि तसाच ठेवला. शेवटी ती आली. गाल लाल, गाणं गुणगुणत, आणि तिकिटं साफ विसरलेली. हारमेनने काही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक पांढऱ्या एप्रनवाल्या वेटरकडे तो डोळे वटारून बघू लागला. तिच्या श्वासाला दुसरीकडच्या कॉफीचा वास होता, तो माझ्याही लक्षात आला होता. आम्ही दोघं एकाच आगीत जळत होतो, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

मग वर्षं गेली. दोघांचे पाय थकले, चाकांवरचं घर शेजाऱ्याने नेलं. साडेदहाची कॉफी मात्र सवयीने माझ्यातूनच येत राहिली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. गेल्या शरद ऋतूत ते दोघं प्रवासाचे जुने फोटो बघत बसले होते. त्यात ते तळं निघालं. एक्क्याऐंशी वर्षांच्या हारमेनने त्यावर बोट ठेवलं.

"गेसिना, त्या दिवशी तू कुणाबरोबर होतीस?"

"कुठल्या दिवशी?"

"तिकिटं आणायला गेलीस आणि न घेताच आलीस, त्या दिवशी."

तिने चष्मा काढून त्याच्याकडे नीट बघितलं. "छत्तीस वर्षं हे पोटात घेऊन बसलास? अरे वेड्या, कुणी नव्हतं. मी एकटीने उभ्या उभ्या कॉफी प्यायली. एवढ्याशा कपातून. दोनदा."

"पण कॉफी तर आपल्याकडे होती."

"तीच तर." तिने माझ्याकडे बोट केलं. "याच्या कॉफीला कुबट वास येतो, हारमेन. दुसऱ्या वर्षापासून येतोय. तुला आवडते म्हणून मी गप्प राहिले. निम्मी मी गवतात ओतायचे."

हारमेनचा चेहरा सैल पडला. "मीपण ओतायचो," तो म्हणाला, "गाडीच्या पलीकडच्या गवतात."

दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. हारमेनच्या छातीवरचा धोंडा उतरला. आणि माझं काय? मित्रांनो, खरं सांगतो, तिथे एखादा देखणा एप्रनवाला असता तर बरं झालं असतं. त्याला मी चार शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. पण तिला कॉफीच हवी होती, फक्त माझी नको होती. हारमेनचा संशय खोटा ठरला, आणि माझा खरा.

वासाचंही सांगतो. दर सप्टेंबरात हारमेन मला विसळायचा आणि ओला असतानाच बूच घट्ट दाबून कपाटात ठेवायचा, ते थेट जूनपर्यंत. नऊ महिने असं कोंडल्यावर कुणाला वास येणार नाही?

आता साडेदहाला दोघं कोट चढवून, हातात हात घालून कोपऱ्यावरच्या बेकरीत कॉफी प्यायला जातात. मी खिडकीत बसून बघतो आणि त्या बेकरीतल्या प्रत्येक कपाचा मला राग येतो.

म्हणून माझी एक विनंती आहे. थर्मास धुतलात की बूच काढून ठेवा आणि त्याला नीट वाळू द्या. आणि वास आला तर एकमेकांचं मन राखायला गवतात ओतू नका, तेव्हाच सांगा. वाईट वाटतं, पण गरम पाणी आणि खायचा सोडा घालून वास जातो. गेसिनाने दुसऱ्याच उन्हाळ्यात तोंड उघडलं असतं, तर आज साडेदहाला तिच्या हातात मी असतो.