बहगतची मोलोखिया

"बाबा, आल्या त्या! सुरी ठेवा आणि बाहेर जाऊन बसा."

"बाहेर बसू? मग आत कोण शिजवणार? तू?"

इब्तिसाम दारातच घुटमळली. बहगतने दोन मुठींची वाकडी सुरी हिरव्या पाल्यावर पुन्हा झुलवायला घेतली. इजिप्तमधल्या तांता शहरातल्या निम्म्या लिफ्टा या उस्ताच्या, म्हणजे मिस्त्रीच्या, हाताखालून दुरुस्त होऊन गेलेल्या, पण मोलोखियाची ही पालेभाजी चिरताना त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. लेक औषधांच्या दुकानात हुशारीने काम करायची, मात्र घरी तिच्या हातून चहासुद्धा करपायचा. आणि तिच्या मावशीने मुलाकडे ठोकून दिलं होतं की पोरीच्या हाताला आईची चव आहे! मुलगा मिदहत इब्तिसामच्या मनात भरला होता. आज त्याची आई, हाज्जा इन्साफ, त्याला घेऊन ती चव बघायला आली होती.

"त्यांना सांगते, बाबांचं डोकं दुखतंय, म्हणून बाहेर येत नाहीत."

"घरात ससा शिजत असताना कुणाचं डोकं दुखतं का गं? जा, सरबत दे."

बहगत स्वैपाक शिकला तो बायकोच्या आजारपणात. सामिया स्वैपाकघराच्या दारात स्टुलावर बसून हुकूम सोडायची आणि हा मुकाट्याने ढवळायचा. एक गोष्ट मात्र तिने कधी त्याच्याकडे दिली नाही. लसूण-धन्याची चरचरती फोडणी भांड्यात ओतताना बाईने धसकल्यासारखा मोठा श्वास आत ओढायचा असतो. तो शहका चुकला की पाला तळाला बसतो, हे तांतात शेंबडं पोरही सांगेल. "हे बायकांचं काम आहे, तू तुझ्या लिफ्टा बघ," ती म्हणायची.

ती गेल्याला दोन वर्षं झाली होती. त्यानंतर बहगतने मोलोखियाला हात लावला नव्हता.

सशाच्या रश्श्यात पाला पडला. लसूण लालसर झाला. बहगतने दाराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं, आणि सामियाची त्याला फार आठवण आली. लसूण काही थांबणार नव्हता. त्याने फोडणी ओतली आणि श्वास ओढला. लिफ्टच्या खड्ड्यातून सहाव्या मजल्यावर हाका मारणाऱ्या माणसाचा तो श्वास!

"अगं बाई, कोण पडलं?" हाज्जा इन्साफ धावतच आत आली. समोर एप्रन बांधलेला, मिशीवाला बहगत. तिच्यामागे इब्तिसाम, पांढरीफटक.

"शहका तुमचा होता, उस्ता?"

हातात डाव असताना खोटं तरी काय बोलणार? "माझाच. स्वैपाकही माझाच, हाज्जा. पोरीला काही येत नाही. मावशीने थाप मारली आणि आम्ही ती चालवून घेतली. चूक आमची. पोर मात्र लबाड नाही."

हाज्जा पुढे झाली. तिने भांड्यात डोकावून पाहिलं. डावाने एकदा ढवळलं.

"वर आहे की पाला! बाप्याच्या शहक्याने वर राहिलेला पाला मी जन्मात पाहिला नाही." आणि ती कट्ट्याला धरून अशी हसत सुटली की बाहेरून मिदहत बघायला आला. "हे आमचे चिरंजीव. यांना पाणी तापवता येत नाही. दोघांतल्या एकाला तरी शिकवा बाबा, नाहीतर उपाशी मरतील. दर शुक्रवारी पाठवते याला तुमच्याकडे."

"आणि मला नाही शिकवायचं, आई?" इब्तिसाम बोलून गेली आणि 'आई' म्हटल्याचं लक्षात येऊन लाजली.

मग काय, जेवणाला रंगच चढला. बहगत उभा राहून वाढत होता, अल्लाच्या शपथा घालून आग्रह करत होता. हाज्जाने दोन वाडगे संपवले. मिदहतने भाकरीने वाडगा पुसून पुन्हा पुढे केला. सगळ्यांचं झाल्यासारखं वाटलं तेव्हा कुठे बहगत टेकला आणि त्याने पहिला घास घेतला.

मीठच नव्हतं. चिमूटभरसुद्धा नाही.

त्याने मान वर केली. इब्तिसाम ताटात बघत होती, मिदहत भाकरी मोडत होता. मीठ किती ते सामिया स्टुलावरूनच चाखून सांगायची, आणि मगच तो घालायचा. मोलोखियात त्याने स्वतःच्या मनाने कधी मीठ घातलं नव्हतं.

"हाज्जा, हे..."

"जेवा हो उस्ता, गार होतंय," हाज्जा म्हणाली आणि तिने तिसरा वाडगा भरून घेतला.