डाव्या हाताचं पिस्तूल

"मिस्टीच्या मागच्या दाराला साधा दिवासुद्धा नाही," ट्रक चालवता चालवता ड्वेन म्हणाला. "असल्या घरात माझी पोरं ठेवलीयेत त्या बाईनं!"

मिस्टी आता कुठे राहते हे ड्वेनला कळायलाच नको होतं. त्याने मिस्टीचा, स्वतःच्या बायकोचा, जबडा मोडल्यावर कोर्टाने त्याला तिच्या आसपास फिरकायची मनाई केली होती, घरातल्या सगळ्या बंदुका काढून घेतल्या होत्या आणि नवी घ्यायलाही बंदी घातली होती. म्हणून तर आज थोरल्या बहिणीला, डार्लाला, शेजारी बसवून स्वारी हॅगर्टींच्या बंदुकांच्या दुकानाकडे निघाली होती. पिस्तूल डार्लाच्या नावावर, सही डार्लाची. ते कशाला वापरायचं हे मात्र ड्वेन ठरवणार.

तिने एकदा नाही म्हणून पाहिलं होतं. तेव्हा तो आईच्या पलंगाशी गेला, तिच्या ऑक्सिजनची नळी दोन बोटांत धरली आणि डार्लाकडे बघून हसला. आई झोपलेली होती. त्यानंतर डार्ला त्या विषयावर बोलली नाही. घर ड्वेनचं, ट्रक ड्वेनचा आणि सकाळपासून तिचा फोनही ड्वेनच्याच खिशात. मंगळवारी आईजवळ दुपारपर्यंत नर्स असते, म्हणून त्याने आजचा दिवस धरला होता.

"आत गेल्यावर तूच बोलायचं," दुकानासमोर उतरताना त्याने बजावलं. "घरी म्हातारी आई, आजूबाजूला वस्ती नाही, भीती वाटते. एवढंच. मी नुसता सोबत आलेला भाऊ. समजलं?"

"समजलं."

पण ड्वेन आणि बंदुकांच्या दुकानात गप्प? कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच.

काउंटरमागे ऑर्फा हॅगर्टी होत्या. सत्तरीच्या, चष्मा साखळीने गळ्यात, पुढ्यात उकडलेल्या शेंगांचं भांडं. नवरा गेल्यापासून दुकान त्याच बघत. त्यांनी डार्लाची ओळख करून घेतली, काय हवं ते ऐकलं आणि हिरव्या चटईवर तीन पिस्तुलं मांडली. प्रत्येक मांडण्याआधी गोळ्यांचं मॅगझीन काढलं, वरचा भाग मागे ओढून गोळी बसते ती आतली पोकळी स्वतः पाहिली, मग डार्लाला दाखवली.

"हे सगळ्यात लहान. कपड्यांत कुणाला पत्ता लागणार नाही. पण पोरी, लहान पिस्तूल हाताला लाथ मारतं, दुसरा बार कुठे जाईल सांगता येत नाही. हे मोठं नेम छान धरतं, पण उन्हाळ्यात पातळ शर्टाखालून डोकावतं. हे मधलं. बहुतेक बायका शेवटी ह्यावरच येतात."

"मधलंच!" ड्वेनने ते उचललंसुद्धा. पोकळी न बघता. "मूठ लांब वाटते. आखूड मुठीचं नाही का? लपवताना मूठच आडवी येते."

"ताईंना लपवायचंय ना?" ऑर्फाबाईंनी शांतपणे विचारलं.

"हो, हो, तिलाच. तिला ह्यातलं काय कळतंय? म्हणून मी बघतोय."

डार्लाला त्याची लाज वाटली आणि भीतीही वाटली. दुकानाचं दार तिच्या मागेच होतं. पण त्या दाराबाहेर त्याचा ट्रक होता आणि ट्रकच्या वाटेच्या शेवटी आईचा पलंग. पळायचं तरी कुठे?

आखूड मुठीचं पिस्तूल आलं. मग नेमाच्या खुणांची वेळ आली. ऑर्फाबाईंनी साधे पांढरे ठिपके दाखवले, मग वर बसवायची लाल ठिपक्याची छोटी काच.

"काचेने नेम पटकन लागतो, पण सवय करावी लागते. आणि खिशात अडकते."

"काच नको. ते अंधारात चमकणारे ठिपके असतात ना, ते हवेत," ड्वेन म्हणाला. "दिवा नसला तरी दिसतात ते."

मिस्टीच्या मागच्या दाराला दिवा नाही.

आतापर्यंत डार्ला स्वतःची समजूत घालत आली होती: तो नुसता धमकावेल, मिरवेल, कमरेला लावून फिरेल. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी ती इतके दिवस डोळे मिटून बसली होती. आता सगळं हिरव्या चटईवर मांडलेलं होतं. लपेल असं, अंधारात दिसेल असं, तिच्या सहीचं.

"आता पिस्तूल खोचून ठेवायचं होल्स्टर," ऑर्फाबाई म्हणाल्या. "विजारीच्या आतून लावायचं ना? कुठल्या हाताने काढणार?"

"उजव्या," ड्वेन म्हणाला.

डार्ला जन्माची डावखुरी. जेवायची डाव्याने, लिहायची डाव्याने. पण बाबांनी शेतामागे डबे मांडून दोघांना नेम शिकवला, तेव्हा तिचा डावा हात तिच्याच कमरेच्या पट्ट्यात खोचून ठेवला होता. घरातल्या बंदुका उजव्या हाताच्या, एका पोरीसाठी कोण दुसऱ्या आणणार? तिचा एकही डबा पडायचा नाही. ड्वेन खी खी हसायचा. तेव्हापासून घरात ठरून गेलं होतं, डार्ला उजव्याने मारते आणि तिला मारता येत नाही.

तिने चटईवरचं पिस्तूल उचललं. वरचा भाग मागे ओढला, पोकळी बघितली, नळी भिंतीकडे केली. डाव्या हातात धरून.

"डाव्या," ती म्हणाली.

"काय?" ड्वेन हसला. "उजव्यानेच मारते हो ती. बाबांनी शिकवलंय आम्हाला. डार्ला, वेडेपणा करू नकोस."

"शिकवलंय उजव्याने. पण पिस्तूल माझं आहे ना, ड्वेन? मग होल्स्टर डाव्या बाजूचं लागेल."

त्याच्या मानेची शीर टरारली. डाव्या बाजूचं होल्स्टर त्याच्या काय कामाचं? पण ते बोलून दाखवण्याची सोय नव्हती. आपणच विणलेल्या जाळ्यात बापड्याचा पाय अडकला होता.

ऑर्फाबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. आधी ड्वेनच्या पट्ट्याकडे पाहिलं. उजव्या बाजूला होल्स्टर लावून लावून कातडं झिजून काळं पडलं होतं. मग डार्लाच्या हाताकडे पाहिलं.

"डावखुऱ्या माणसाचा हात बघितल्याशिवाय मी विकत नाही," सगळी पिस्तुलं कपाटात कुलूपबंद करत त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा नियम. चल पोरी, मागच्या नेमाच्या खोलीत. तुम्हाला यायचंय का साहेब? ओळखपत्र द्या. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव मी तपासते."

ड्वेनने शेंग सोलायला घेतली. "मी आहे इथेच. काचेतून दिसतंच की." डार्ला जवळून गेली तेव्हा त्याने खिशावर, तिच्या फोनवर, हलकेच थाप मारली.

नेमाच्या खोलीला दोन दारं. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. दुसरं दार लागलं आणि बाहेरचं जग बंद झालं. ऑर्फाबाईंनी तिला जाड भिंतीसमोर, काचेकडे पाठ करून उभं केलं.

"मान हलवू नकोस. नुसतं सांग. हे पिस्तूल कुणावर रोखायचं चाललंय?"

"मिस्टी. माझी भावजय. तिच्या मागच्या दाराला दिवा नाही, बाई."

ऑर्फाबाईंनी आणखी काही विचारलं नाही. भिंतीवरचा फोन काढून तिच्या हातात दिला. मिस्टीचा नंबर फोनमध्ये ठेवायची सोय नव्हती, म्हणून डार्लाने तो पाठ केला होता.

"मिस्टी, मी डार्ला. फोन ठेवू नकोस. पोरांना घे आणि आत्ताच्या आत्ता नीघ. तुझं घर त्याला कळलंय आणि तो बंदूक घ्यायला आलाय."

मिस्टीने विचारलं, "बंदूक तूच घेऊन दिलीस ना त्याला?"

हे मिस्टीला विचारावंसं वाटलं, ह्याचंच डार्लाला रडू आलं. घरातल्या कुणीही आजवर त्याला कशाला नाही म्हटलं नव्हतं, तिनेही नाही.

"नाही," ती म्हणाली. "नाही दिली."

पलीकडे खुर्ची सरकली, पोरांना हाका गेल्या. डार्लाने आईचा पत्ता, नर्स, ऑक्सिजनची नळी सगळं भराभर सांगून फोन ऑर्फाबाईंना दिला. त्या पोलिसांना, शेरीफच्या ऑफिसला, फोन लावून बोलू लागल्या: आधी एक माणूस म्हातारीच्या घरी पाठवा, नर्सला सांगा आत कुणाला घेऊ नकोस.

तेवढ्यात जाड काचेवर मूठ आपटली. ड्वेनचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आत काही ऐकू येत नव्हतं. तो पहिल्या दाराशी गेला, कडी ओढू लागला.

डार्लाने खोलीभर पाहिलं. बाहेर उघडणारी खिडकी नाही, तीन बाजूंना जाड भिंती, एकच वाट आणि त्या वाटेवर तो.

"हे दार बाहेरून उघडतं का?" तिने विचारलं.

"नाही गं. किल्ली माझ्याकडे आहे."

"मग राहू दे बंद," डार्ला म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.