तात्यांची शिकवणी

कुणी आपल्यापासून काही लपवतंय अशी शंका आली की मला दुसरं काही सुचत नाही. हा स्वभाव थेट आईकडून आलाय, असं तात्या म्हणतात.

या दिवाळीत मात्र लपवत होते मीच. सहावा महिना संपत आला होता. नवऱ्याने, सुश्रुतने, मला पुण्याहून श्रीवर्धनला माहेरी आणून सोडलं आणि भाऊबीजेला न्यायला येतो म्हणून तो परत गेला. जाताना अंगणात हळूच म्हणाला, "तात्यांना या वेळी सांगून टाक हं." सांगायचं होतं एवढंच, की बाळंतपणाला मी माहेरी येणार नाही. माझं ब्लडप्रेशर वरखाली होतंय, डॉक्टरीणबाईंनी पुण्यातच राहायला बजावलंय. आणि इकडे तात्यांनी माझ्यासाठी मागची खोली रंगवून ठेवलेली! पहिलं बाळंतपण माहेरी, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस, एकदा उत्तर काढलं की खोडत नाही. दोन दिवस मी नुसत्या चकल्या खाल्ल्या आणि तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तात्या रोज नऊ वाजता कुठेतरी जातात. हातात कापडी पिशवी. विचारलं तर "वाडीत" म्हणाले. आता आमची सुपारीची वाडी घराच्या मागे, आणि हे चालले पुढच्या फाटकातून. तासाभराने परत आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत ओलं आणि अंगाला खोबरेल तेलाचा वास.

मग मी नीट बघायला लागले. करंगळीचं नख ते कायम वाढवत, आईने हजारदा सांगूनही कापलं नव्हतं. ते आता कापलेलं. बोटातली पोवळ्याची अंगठी देवघरात काढून ठेवलेली. मी वाट्टेल ते तर्क केले. समुद्रात पोहायला जातात? या वयात? कुणा वैद्याकडे मालीश करून घेतात आणि दुखणं माझ्यापासून लपवतात? शेवटचा तर्क मनात आला तेव्हा माझं मलाच हसू आलं, पण खोटं कशाला सांगू, थोडी धास्तीही वाटली. नख कापून, तेल लावून माणूस रोज नऊला कुणाकडे जातो?

पाडव्याच्या दिवशी मी त्यांच्या मागे गेले. पोट सांभाळत पाठलाग करणं हा काही शोभणारा प्रकार नव्हे, पण राहवेना. तात्या गल्लीच्या टोकाला वळले आणि जनीमावशीच्या अंगणात शिरले. जनीमावशी म्हणजे आमच्या आळीतल्या बाळांना आणि बाळंतिणींना न्हाऊ घालणारी. मलाही तिनेच घातलेलं. मी कुंपणाच्या जास्वंदीआड उभी राहिले.

तात्या मोरीच्या दगडावर पाय लांब पसरून बसले होते. नडग्यांवर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणि त्यात एक न सोललेला नारळ. एका हाताने नारळ धरून दुसऱ्या हाताने ते त्याच्यावर तांब्याने पाणी घालत होते.

"मान, तात्या, मान सांबाला!" जनीमावशी ओरडली. "नारलाला मान न्हाय, पोराला हाय! काल दोनदा पारलात."

"पाणी किती गरम घ्यायचं?"

"कोपर बुरवून बगा. कोपराला सोसला तर पोराला सोसल."

तात्यांनी हात पुसून शेजारची वही उघडली.

"आता लिवत बसू नका! वहीत लिवून पोर न्हात न्हाय."

आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडलेला माणूस निमूटपणे वही मिटून पुन्हा नारळ उचलत होता. मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूच आलं. जनीमावशीने वर पाहिलं. "ही बगा, आली तुमची लेक!"

तात्या चोरी पकडली गेल्यासारखे उठले. वही पिशवीत टाकून माझ्याबरोबर घरी आले. ओटीवर टेकल्यावर म्हणाले, "तुझी आई असती तर तिने केलं असतं सगळं. अगो, आई नाही म्हणून पोरीला माहेर नाही, असं व्हायला नको."

आता गप्प बसणं म्हणजे पाप होतं. मी सगळं सांगून टाकलं. ब्लडप्रेशर, डॉक्टरीणबाई, पुणं. "आणि आंघोळीला सुश्रुत कुणीतरी बाई लावणार आहे," हेही.

त्यांनी पिशवीतून वही काढली आणि नुसतीच उघडून धरली. मला वाटलं, मोडलं यांचं मन. मग त्यांनी विचारलं, "हॉस्पिटल तुमच्या घरापासून किती लांब?"

"दहा मिनिटं."

"ते बरं. इथून रात्री काही झालं तर माणगावच्या हॉस्पिटलापर्यंत जीव मुठीत." वही पिशवीत ठेवत ते म्हणाले, "तुमची मोरी केवढी आहे गो?"

"बाथरूम? मोजलं नाही कधी."

"मग विचार."

मी सुश्रुतला फोन लावला. तो बिचारा टेप शोधून बाथरूममध्ये शिरला आणि त्याने सांगितलं, साडेतीन फूट. तोवर तात्या ओटीवर भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसले होते. आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप त्यांनी माझ्या हातात दिली. मी वाकू शकत नव्हते, म्हणून शेजारीच बसून मोजलं. पाठीपासून टाचेपर्यंत तीन फूट तीन इंच.

"बसतं," तात्या म्हणाले. "पण बादलीला जागा नाही. ती बाहेर ठेवू, दार उघडं राहील."

फोन चालूच होता. "अगं, पण हे कशासाठी मोजतेयस?" सुश्रुत विचारत होता.

मी सांगितलं, "माझं माहेर तिकडे राहायला येतंय."