एकोणतीस जूनची नोंद

नात्सुमीने जाळी छातीशी घट्ट धरली आणि ती दोन पावलं मागे सरकली.

"अगं, मोडेल ना पंख त्याचा!" विभाच्या तोंडून मराठीच निघालं. मग तेच तिने जपानीत, हळू आवाजात सांगितलं. बारा वर्षांची नात्सुमी जागची हलली नाही.

भूकंपानंतरचा दुसरा उन्हाळा होता. विद्यापीठात कीटकांवर संशोधन करणारी विभा दर शनिवारी शाळेच्या मुलांना सेंदाईबाहेरच्या या टेकडीवर आणायची. ती त्यांची 'सेन्सेई', म्हणजे बाई. दूरचा प्रवास करणारी निळसर फुलपाखरं पकडायची, पंखावर पेनने गावाची खूण, तारीख, आद्याक्षरं आणि क्रमांक लिहायचा, आणि सोडून द्यायची. पुढे कुणाला त्यातलं एखादं सापडलं आणि त्याने नोंद पाठवली, की कुठून कुठवर उडालं ते कळायचं. आज पहिल्यांदाच त्यांच्या जाळीत आधीच खूण केलेलं फुलपाखरू आलं होतं, आणि नात्सुमी ते दाखवायला तयार नव्हती.

उताराखालून बाकीची मुलं हाका मारत होती. विभा गुडघ्यांवर बसली.

"मला एकटीला दाखव."

बऱ्याच वेळाने जाळी उघडली. विभाने खूण दोनदा वाचली. ते गाव अणुवीजकेंद्राजवळचं, रिकामं केलेलं. परवान्याशिवाय आत पाऊल टाकायला बंदी. आणि तारीख होती आठच दिवसांपूर्वीची.

"कुणी लिहिलंय हे?"

"आजोबांनी. आमच्याच गावाची खूण आहे, आणि आद्याक्षरं त्यांचीच."

विभाला ठाऊक होतं. तीन आठवड्यांपूर्वी नात्सुमीचे आजोबा तात्पुरत्या वसाहतीतल्या खोलीतून निघून गेले होते, फोन उशाशी तसाच ठेवून. पोलिसांनी नदीकाठ पालथा घातला होता. घरात आता त्यांचं नाव कुणी मोठ्याने घेत नव्हतं.

"नोंद पाठवू नका, सेन्सेई. पकडून आणतील त्यांना. इथे ते नुसते भिंतीकडे बघत बसायचे."

"आईला तरी सांगायला हवं."

"चिडेल ती."

"चिडू दे. तिला वाटतंय, ते..." विभाने वाक्य अर्ध्यावर सोडलं.

नात्सुमीने स्वतःच विभाच्या पिशवीतला फोन काढला आणि पुढे केला.

आई कोंबिनीत, चोवीस तास उघड्या दुकानात, कामावर होती. विभाने पंखावरचं अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं.

"तारीख पुन्हा सांगा," आई म्हणाली.

"एकोणतीस जून."

"आणि क्रमांक?"

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस... म्हणजे एवढी पकडली त्यांनी." मग एकदम घाईने तिने विचारलं, "अक्षर कसं आहे, सेन्सेई? हात थरथरलाय का?"

विभाने नात्सुमीच्या चिमटीतला पंख उन्हाकडे वळवला. नखाएवढ्या जागेत ओळी आखल्यासारख्या होत्या.

"नाही. सरळ आहे अगदी."

पलीकडून हुंदका आला. तो नात्सुमीलाही ऐकू गेला. कुणी गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं, आई त्याला थांबायला सांगत होती.

"परवाना काढते सोमवारी," ती शेवटी म्हणाली. "मीच जाईन. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या इथेच राहिल्यात, त्या देऊन येते. तोवर नोंद थांबवाल का?"

"थांबवते."

विभाने फोन ठेवला. नात्सुमीने बोटं सैल केली. फुलपाखरू गवतावरून तरंगत वर गेलं, झाडांआड दिसेनासं झालं. मग तिने नोंदवही मांडीवर घेतली आणि आद्याक्षरांच्या रकान्यात आजोबांचं पूर्ण नाव लिहिलं.